व्हिसा कंपनीचा, लेकरू आपले

सदर : कागद वाचावा नीट



केज तालुक्यातल्या एका माउलीचे पत्र मागच्या आठवड्यात हाती आले. तिने सांगितले आणि शेजारच्या दहावीतल्या मुलीने लिहून काढले, असे पत्राच्या खाली नोंदवले आहे. नाव छापू नका अशी विनंती आहे, म्हणून देत नाही. मजकूर थोडक्यात असा :

"दादा, जयभीम. आम्ही नवराबायकोने बावीस हंगाम ऊस तोडला. थोरल्याला वसतिगृहात ठेवून शिकवला. तो इंजिनियर झाला, चार वर्षांपासून पुण्याला कंपनीत कंप्युटरच्या कामावर आहे. आता ती कंपनी अमेरिकेत नवीन शाखा काढती आहे आणि शाखेची घडी बसवायला ह्याला धाडती आहे. व्हिसा एका वर्षाचा आहे म्हणतो. गावात सगळे म्हणत्यात, आता तुमचा बंगला होणार. तालुक्याला एक जण भेटला, तो म्हणतो, सुनेचा आणि नातवाचा व्हिसा मी करून देतो, दीड लाख लागतील. आमच्या मालकांनी त्यासाठी मुकादमाकडून परत उचल घेतली. पोरगा दोन वर्षांपासून म्हणतो, आई, आता फडात जाऊ नको. आणि त्याच्याच जाण्यासाठी आम्ही परत फडात चाललोय. हे बरोबर आहे का? आणि एका वर्षाने त्याला तिथून हाकलून देतील का?"

आक्का, तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरे दोन ओळींत देता येतात. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. आणि वर्षाने मुलाला परत यावे लागले तर ते हाकलणे नव्हे, मुदत संपणे होय. पण एवढ्यावर तुमचे समाधान होणार नाही. शिवाय आपल्या समाजातली वसतिगृहात आणि शिष्यवृत्तीवर शिकलेली मुले आज पुण्या-मुंबईच्या कंपन्यांतून परदेशी जाऊ लागली आहेत. त्यांचे आई-बाप अजून फडात, वीटभट्टीवर, गिरणीच्या चाळीत, नगरपालिकेच्या झाडलोटीत आहेत. त्यांना या कागदांचा अर्थ कुणी समजावून सांगत नाही. म्हणून आजचे सदर या एकाच विषयाला दिले आहे.

हा व्हिसा कुणाचा?

भारतातल्या कंपनीने परदेशात शाखा काढायची ठरवली की तिथे कुणीतरी विश्वासाचा माणूस लागतो. जागा भाड्याने घेणे, बँकेत खाते उघडणे, स्थानिक माणसे नेमणे, इथल्या कामाची पद्धत तिथे बसवणे ही त्याची कामे. ही वाट तशी जुनी आहे. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीने १९७९ साली एस. रामदोराई यांना न्यूयॉर्कला पाठवून तिथले काम उभे केले. तेच पुढे १९९६ मध्ये कंपनीचे प्रमुख झाले. आपल्या पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या इन्फोसिसने १९८७ साली अमेरिकेत बोस्टनला पहिली परदेशी कचेरी उघडली. तेव्हा अशी जाणारी माणसे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आज मध्यम आकाराच्या कंपन्याही शाखा काढतात, म्हणून हा प्रश्न केज तालुक्यापर्यंत येऊन पोचला.

अशा माणसासाठी अमेरिकेत १९७० सालच्या कायद्याने एक वेगळा व्हिसा तयार झाला. त्याचे नाव एल-वन. कंपनीने आपल्याच माणसाला आपल्याच दुसऱ्या शाखेत हलवायचे, हा त्याचा हेतू. त्याचे दोन प्रकार आहेत. व्यवस्थापक आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी एल-वन-ए. कंपनीच्या कामाचे खास ज्ञान असलेल्यांसाठी एल-वन-बी. तुमचा मुलगा कोणत्या प्रकारात जातो आहे, हे त्याला आधी विचारा. कारण पुढची सगळी मुदत त्यावर ठरते.

अटी अशा आहेत. माणसाने जाण्यापूर्वीच्या तीन वर्षांत निदान एक वर्ष सलग त्या कंपनीत परदेशात, म्हणजे इथे, काम केलेले असले पाहिजे. शाखा नवीन असेल तर पहिली मंजुरी फक्त एका वर्षाची मिळते. कंपनीने कचेरीची जागा घेतली आहे हे दाखवावे लागते. वर्ष संपताना शाखा खरोखर चालू आहे, तिथे माणसे आहेत, व्यवहार आहेत, याचे पुरावे द्यावे लागतात. ते पटले तर दोन-दोन वर्षांची वाढ मिळते. एल-वन-ए ची कमाल मुदत सात वर्षे आणि एल-वन-बी ची पाच वर्षे.

म्हणजे आक्का, वर्षाने तो परत येईल की राहील, हे एकट्या त्याच्या हुशारीवर ठरत नाही. ती शाखा पाय रोवते की नाही यावर ते ठरते. धंदा जमला नाही, कंपनीने कचेरी गुंडाळली, तर हुशारातला हुशार मुलगाही परत येतो.

ब्रिटनमध्येही असाच एक व्हिसा ११ एप्रिल २०२२ पासून सुरू झाला. त्याला यूके एक्स्पान्शन वर्कर म्हणतात. तोही पहिल्यांदा एका वर्षाचा असतो आणि जास्तीत जास्त दोन वर्षांपर्यंत जातो. युरोपीय संघाने २०१४ मध्ये असाच नियम केला, त्यात व्यवस्थापक आणि तज्ज्ञांना कमाल तीन वर्षे राहता येते. देश कोणताही असो, या जातीच्या व्हिसाचा पाया एकच. परवानगी कंपनीच्या कामासाठी आहे. काम संपले की परवानगी संपते.

बातम्यांत मुलांच्या कानावर दुसरे एक नाव येते, एच-वन-बी. तो वेगळा व्हिसा. त्याला वर्षाला ६५ हजार आणि अमेरिकेत उच्च पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २० हजार अशी मर्यादा आहे, म्हणून तिथे सोडत काढतात. सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी देशाबाहेरून येणाऱ्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर भरण्याचा हुकूम काढला. तो हुकूम एल-वन साठी नव्हता. एल-वन ला सोडतही नाही. कुणी या दोन नावांची सरमिसळ करून तुम्हाला घाबरवत असेल किंवा पैसे उकळत असेल तर हा फरक लक्षात ठेवा.

उचल आणि व्हिसा

ऊसतोड करणाऱ्या घराला हा व्हिसा समजावून सांगणे सोपे आहे. ज्याने मुकादमाकडून उचल घेतली तो हंगामभर त्या टोळीचा. शेजारच्या कारखान्यावर चांगला भाव मिळतो म्हणून मधेच तिकडे जाता येत नाही. एल-वन वर गेलेला मुलगाही तसाच त्या एका कंपनीचा. तिथे दुसऱ्या कंपनीने दुप्पट पगार दिला तरी या व्हिसावर तिकडे जाता येत नाही. त्यासाठी नव्याने दुसरा व्हिसा काढावा लागतो.

नोकरी गेली तर काय? २०१७ पासून अमेरिकेच्या नियमात जास्तीत जास्त ६० दिवसांची सवलत आहे. त्याच्या राहण्याची मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच दिवस. तेवढ्यात दुसरी सोय झाली नाही तर परत यायचे. इथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख आणि तिथे राहण्याची तारीख या दोन वेगळ्या असू शकतात. अमेरिकेत उतरल्यावर जी नोंद होते तिला आय-९४ म्हणतात. राहण्याची खरी मुदत त्या नोंदीवर असते. मुलाने उतरल्याच्या दिवशीच ती तारीख पाहावी आणि घरी कळवावी. घरच्या दिनदर्शिकेवर त्या तारखेला खूण करून ठेवा.

एक मोठा फरकही सांगितला पाहिजे. उचल घेतलेल्या माणसाच्या डोक्यावर कर्ज असते, म्हणून तो फड सोडून घरी येऊ शकत नाही. तुमच्या मुलाच्या डोक्यावर कर्ज नसेल तर तो कोणत्याही दिवशी राजीनामा देऊन घरी येऊ शकतो. हीच त्याची ताकद आहे. ती दीड लाखाच्या पायी घालवू नका. घरी कर्ज आहे हे ठाऊक असलेला मुलगा तिथे अपमान गिळतो, रात्र-रात्र काम करतो आणि फोनवर "मी बरा आहे" एवढेच सांगतो.

सही करण्यापूर्वी

काही कंपन्या परदेशी पाठवण्यापूर्वी मुलाकडून करार लिहून घेतात. परत आल्यावर इतकी वर्षे नोकरी सोडणार नाही, सोडली तर इतके लाख भरीन, असा त्याचा आशय असतो. पुष्कळ मुले "असले करार कोर्टात टिकत नाहीत" असे मित्राकडून ऐकून न वाचता सही करतात. हे धोक्याचे आहे. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांची नोकरी आणि ती मधेच सोडल्यास दोन लाख रुपये, ही अट वैध ठरवली. प्रत्येक करार टिकेलच असे नाही, पण टिकणारच नाही असेही नाही. म्हणून रक्कम किती, मुदत किती, कंपनीनेच कामावरून काढले तर काय, शाखा बंद पडली तर काय, या चार गोष्टी लेखी असाव्यात. नसतील तर विचाराव्यात. विचारल्याने नोकरी जात नाही.

पगाराचे तसेच आहे. पगार रुपयांत मिळणार की डॉलरमध्ये? घरभाडे कोण देणार? दवाखान्याचा विमा कुणाचा? हे प्रश्न किरकोळ वाटतात, म्हणून एक खरी हकीकत सांगतो.

हकीकत इलेक्ट्रॉनिक्स फॉर इमेजिंग नावाच्या कंपनीची, ती तेव्हा कॅलिफोर्नियात होती. २०१३ साली तिने आपले मुख्य कार्यालय फ्रीमाँट या गावी हलवले. नव्या जागेत कंप्युटर बसवायला तिने आपल्या बंगळूरच्या कचेरीतली आठ माणसे विमानाने नेली. त्यांना पगार भारतातल्याच हिशेबाने रुपयांत दिला. अमेरिकेच्या श्रम खात्याने तपास केला तेव्हा तो ताशी १ डॉलर २१ सेंट एवढा भरला. त्या वेळी कॅलिफोर्नियात किमान वेतन ताशी ८ डॉलर होते. काही आठवड्यांत त्यांनी १२२ तासांपर्यंत काम केले. म्हणजे दिवसाला सतरा तासांहून जास्त! कंपनीचे म्हणणे असे की परदेशी कर्मचाऱ्यांनाही तिथला कायदा लागतो हे नजरचुकीने राहून गेले. २०१४ मध्ये तिला त्या आठ जणांना ४० हजार डॉलरहून अधिक थकबाकी द्यावी लागली आणि साडेतीन हजार डॉलर दंड झाला.

ही माणसे शिकलेली होती. इंग्रजी जाणणारी होती. तरी त्यांना आपला हक्क ठाऊक नसावा, किंवा ठाऊक असूनही बोलता आले नसावे. आपल्या वाचकांना आठवण करून द्यायला हवी की व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामाच्या तासांचा प्रश्न हाती घेतला आणि १९४६ च्या दुरुस्ती कायद्याने बारमाही कारखान्यांत आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. तासांचा हिशेब मागणे हे आपल्याकडे शिकवलेलेच आहे. तो हिशेब खुरपे आणि कोयत्याला जसा लागू, तसाच कंप्युटरला लागू. मुलाने रोजचे तास एका वहीत लिहून ठेवावेत. अमेरिकेत ज्या देशाचे काम त्या देशाचा मजुरीचा कायदा, मग माणूस कुठलाही असो.

दुसरी हकीकत व्हिसाच्या प्रकाराची. कामाला पाठवायचे आणि व्हिसा मात्र बैठकीला जाणाऱ्या पाहुण्याचा काढायचा, असा प्रकार घडू शकतो. पाहुण्याच्या व्हिसाला बी-वन म्हणतात. तो लवकर मिळतो आणि स्वस्त पडतो. बैठक, बोलणी, पाहणी यांसाठी तो चालतो. तिथे बसून नेहमीचे काम करण्यासाठी चालत नाही. या व्हिसाच्या वापरावरून इन्फोसिसवर अमेरिकन सरकारने आरोप ठेवले आणि २०१३ मध्ये कंपनीने ३ कोटी ४० लाख डॉलर देऊन समझोता केला. कंपनीने आरोप मान्य केले नाहीत. मोठी कंपनी एवढी रक्कम भरून मोकळी होते. विमानतळावर उभ्या असलेल्या मुलाला मात्र तिथल्या अधिकाऱ्याच्या प्रश्नांना एकट्याने उत्तर द्यावे लागते. म्हणून "कंपनीने जे सांगायला सांगितले ते सांगेन" असे मुलाने म्हणू नये. व्हिसा कोणता आणि आपण करणार ते काम कोणते, हे दोन्ही जुळले पाहिजे. जुळत नसेल तर जायचे नाही.

भविष्यनिर्वाह निधीबद्दलही विचारून घ्या. तिथल्या पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के कापले जातात. त्याचे निवृत्तिवेतन मिळायला साधारण दहा वर्षे काम भरावे लागते, आणि एल-वन तर पाच-सात वर्षांचाच! बेल्जियम, जर्मनी, जपान अशा काही देशांशी भारताचा करार आहे. तिथे इथल्या भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाचा दाखला दाखवला की ठराविक काळ तिकडची कपात होत नाही. अमेरिकेशी तसा करार झालेला नाही. म्हणून हातात येणारा पगार धरूनच हिशेब करावा, पत्रावर लिहिलेला आकडा धरून नव्हे.

सून आणि नातू

आता दीड लाख मागणाऱ्या त्या माणसाबद्दल. एल-वन चा मूळ अर्ज कंपनी करते. तो मंजूर झाला की मुलगा, त्याची बायको आणि एकवीस वर्षांखालची मुले आपापले फॉर्म भरून मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत जाऊ शकतात. बायको-मुलांच्या व्हिसाला एल-टू म्हणतात. ठरलेली सरकारी फी असते, ती बहुतेक वेळा कंपनीच भरते. मधल्या माणसाला यात जागाच नाही. "आत ओळख आहे" असे म्हणणारा माणूस खोटे बोलतो. त्याने एखादा खोटा दाखला जोडला तर त्याचे काही जात नाही, तुमच्या सुनेवर मात्र त्या देशाचे दार कायमचे बंद होऊ शकते.

आणि एक चांगली गोष्ट. एल-टू वर गेलेल्या बायकोला तिथे नोकरी करता येते. नोव्हेंबर २०२१ पासून तर त्यासाठी वेगळा परवाना काढण्याचीही गरज उरली नाही. तुमची सून शिकलेली असेल तर तिची प्रमाणपत्रे बरोबर द्या. "ती कशाला, ती घर सांभाळील" असे म्हणू नका. नातवाला तिथल्या सरकारी शाळेत घालता येते. आई-वडिलांना मात्र या व्हिसात स्थान नाही. तुम्हाला पाहुणे म्हणून वेगळा व्हिसा काढावा लागेल आणि त्यावर काम करता येणार नाही.

खरे काम इथे आपल्या गावात आहे, ते आजच सुरू करा. आपल्याकडची लग्ने बौद्ध पद्धतीने विहारात किंवा दारच्या मांडवात होतात. बौद्धाचार्य विधी लावतात, संस्थेचा दाखला मिळतो. तो दाखला मानाचा आहे, जपून ठेवा. पण वकिलातीत सरकारी नोंदणीचा दाखला लागतो. खेड्यात ग्रामपंचायतीत आणि शहरात नगरपालिकेत १९९८ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे लग्नाची नोंद होते. नव्वद दिवस उलटून गेले असले तरी उशिराची फी भरून नोंद करता येते. तीन साक्षीदार, लग्नाचा फोटो किंवा पत्रिका, वयाचे आणि पत्त्याचे पुरावे आणि विधी लावणाऱ्या बौद्धाचार्यांची सही एवढे जमवा.

दुसरे, नावे. आपल्या घरांत शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरे, रेशन कार्डावर तिसरे असे हमखास असते. फडावर जन्मलेल्या मुलांची जन्मनोंद कधी कारखान्याच्या गावी झालेली असते, कधी झालेलीच नसते. कोपीत जन्मलेल्या कितीतरी मुलांना मास्तरांनी अंदाजाने एक जून ही तारीख लावली! पासपोर्ट काढताना हे सगळे पुढे येते. सुनेचे माहेरचे नाव आणि सासरचे नाव, नातवाच्या जन्मदाखल्यावरचे आई-बापाचे नाव, हे एकमेकांशी जुळवून घ्या. या कामाला दीड लाख लागत नाहीत. चार-सहा खेपा आणि झेरॉक्सचे पैसे लागतात.

जात बरोबर जाते

ही गोष्ट लिहू की नको असा विचार केला. पण आपल्या साप्ताहिकात नाही लिहायची तर कुठे लिहायची? नवीन शाखेत चार-सहा माणसे असतात आणि ती बहुधा इथूनच गेलेली असतात. साहेबही इथलाच. ३० जून २०२० रोजी कॅलिफोर्निया राज्याच्या खात्याने सिस्को या नामांकित कंपनीवर दावा दाखल केला. दलित इंजिनियरला त्याच्या भारतीय वरिष्ठांनी जातीवरून वेगळी वागणूक दिली, असा आरोप होता. कंपनीने तो नाकारला. २०२३ मध्ये त्या दोन वरिष्ठांवरचा दावा खात्याने मागे घेतला, कंपनीवरचा चालू ठेवला. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी सिएटल शहराने जातिभेदाला बंदी घातली. असे करणारे ते अमेरिकेतले पहिले शहर. तो ठराव मांडणाऱ्या नगरसेविका क्षमा सावंत यांचा जन्म आपल्या पुण्याचा. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने तसा कायदा मंजूर केला, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये गव्हर्नरांनी त्यावर सही करायला नकार दिला.

ज्याचा व्हिसा साहेबाच्या हातात, त्याला साहेबाविरुद्ध तोंड उघडणे अवघड जाते. म्हणून मुलाला दोन गोष्टी सांगा. काही घडले तर तारखेसह लिहून ठेव. आणि घरी सांग, एकटा कुढू नकोस. आडनाव लपवायला त्याला शिकवू नका. बाबासाहेबांचा फोटो त्याच्या पेटीत तुम्हीच घाला.

बाबासाहेबांनी कागद कसा सांभाळला

बाबासाहेब १९१३ च्या जुलैत न्यूयॉर्कला उतरले तेव्हा त्यांच्याही खिशात मुदतीचा कागद होता. बडोदे सरकारने दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली होती. बदल्यात शिक्षणानंतर दहा वर्षे बडोद्याची नोकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. पुढे थोडी मुदत वाढली, आणि १९१७ मध्ये संपली. लंडनचा अभ्यास अर्धवट होता. तरी त्यांना परत यावे लागले.

परतण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवली. मग करार पाळण्यासाठी ते बडोद्याला गेले. तिथे राहायला घर मिळाले नाही, पारशी वसतिगृहातून त्यांना काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले, हा इतिहास तुम्हाला ठाऊक आहे. १९२० मध्ये, ती चार वर्षे संपण्याआधी, स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांवर ते पुन्हा लंडनला गेले आणि अभ्यास पुरा करून आले. १९१७ साली अर्धवट परत आलेल्या माणसाला कुणी हरलेला म्हणेल काय?

आक्का, आता तुमच्या उचलीबद्दल

मालकांनी घेतलेली उचल अजून हात न लावता घरात असेल तर ती परत करा. मुलाला आधी फोनवर सगळे सांगा. मग गावातल्या दोन भल्या माणसांना बरोबर घेऊन मुकादमाकडे जा, पैसे त्यांच्यासमोर मोजून द्या आणि पावती लिहून घ्या. काही रक्कम खर्च झाली असेल तर किती ते सांगा. ती पुण्यात पगार घेणाऱ्या मुलाला भरू द्या. त्याला वाईट वाटेल म्हणून लपवू नका. त्याला फड लागल्यावर कळले तर जास्त वाईट वाटेल.

बंगल्याचा विषय एक वर्ष बाजूला ठेवा. वर्षाच्या व्हिसावर पंधरा वर्षांचे कर्ज काढायचे नसते. शाखा उभी राहिली, मुदत वाढली, तर घराचे पाहता येईल.

आणि तो वर्षाने परत आला तर? एप्रिलमध्ये पट्टा पडला की टोळ्या गावी येतात. त्यांना वेशीवर कुणी "का आलात?" असे विचारत नाही. काम संपले, माणसे घरी आली. तुमच्या मुलालाही तसेच येऊ द्या. गावाने काही म्हटले तर म्हणू द्या. तो एक शाखा उभी करायला शिकून आलेला असेल, आणि त्याची आई घरी असेल, फडात नव्हे.

शेजारच्या त्या दहावीतल्या मुलीला माझा जयभीम सांगा. तिचे अक्षर फार छान आहे. हे सदर तिच्याकडूनच वाचून घ्या, आणि लग्नाच्या नोंदणीचा अर्ज भरायलाही तिचीच मदत घ्या.

नमो बुद्धाय. जयभीम!